पुतळेकाकांचा अंगठा

चित्रशाळेत त्यांना सगळे पुतळेकाका म्हणतात. काम एकच: चौथऱ्यावरच्या स्टुलावर न हलता बसायचं आणि विद्यार्थ्यांनी त्यांचं चित्र काढायचं. अशी एकतीस वर्षं झाली. नाकावर माशी बसली, तर कंटाळून माशीच उठायची.

गेल्या वर्षी मूत्राशयाने दगा दिला. दर पंधरा मिनिटांनी लागायची, आणि लागली की दम धरवायचा नाही. काका धावायचे, परत बसेपर्यंत मान एकीकडे, सावली भलतीकडे. गोळ्यांनी तोंड कोरडं पडलं, बाकी फरक शून्य. शेवटी विभागप्रमुख बाई म्हणाल्या, "काका, वार्षिक परीक्षेत पाऊण तास सलग बसावं लागतं. जमणार नसेल तर यापुढे प्लॅस्टरचा पुतळा मांडते. त्याला लागत नाही."

डॉक्टरांनी उपाय सांगितला तो पायाचा. घोट्याजवळच्या नसेपाशी बारीक सुई टोचायची आणि तिच्यातून अर्धा तास सौम्य वीज सोडायची. मूत्राशयाचा कारभार पाठीच्या कण्यात जिथून चालतो, तिथेच ही नस जाऊन पोचते. आठवड्यातून एकदा, बारा आठवडे.

"दुखणं कुठे, सुई कुठे!" बायको म्हणाली. "उद्या डोकं दुखलं तर कोपराला मलम लावतील."

"सुई बरोबर लागली की पायाचा अंगठा आपोआप वाकतो," तंत्रज्ञ बाईंनी समजावलं. अंगठा वाकेना. त्यांनी वीज वाढवली. सुई काढून पुन्हा टोचली. तीनदा.

"काका, काही जाणवतंय?"

"तळव्यात मुंग्यांचा मोर्चा निघालाय."

"मग अंगठा का हलत नाही?"

"मी धरून ठेवलाय ना!" काका अभिमानाने म्हणाले.

बायकोने कपाळावर हात मारला. "अहो, इथे कोण तुमचं चित्र काढतंय?"

पण एकतीस वर्षांची सवय सोड म्हटल्यावर सुटते थोडीच! तीन आठवडे असेच गेले. चौथ्या आठवड्यात बायकोने मुद्दाम नणंदेचा विषय काढला. काका तावातावाने भांडू लागले, लक्ष उडालं आणि अंगठा वाकला.

"भांडत राहा," तंत्रज्ञ बाई म्हणाल्या.

उरलेले आठ आठवडे दोघं नेमाने भांडली. विषय बायको घरून लिहून आणायची. पंधरा मिनिटांची पंचवीस झाली, मग चाळीस. चाळिसाच्या पुढे मात्र गाडी सरकेना, आणि परीक्षा आली.

परीक्षेला विभागप्रमुख बाईंनी पुतळा कोपऱ्यात तयारच ठेवला होता; बाहेरून आलेले परीक्षक मागे खुर्चीत बसले होते. पंधराव्या मिनिटाला वर्गाने जुन्या सवयीने पेन्सिली खाली ठेवल्या. काका बसलेलेच. विद्यार्थ्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि गुपचूप पेन्सिली पुन्हा उचलल्या. चाळिसाव्या मिनिटाला खुर्ची सरकल्याचा आवाज झाला, कोणीतरी धावत बाहेर गेलं. बाईंनी डोळे मिटून घेतले. उघडले तर परीक्षकांची खुर्ची रिकामी होती.

घंटा झाली. बाईंनी पुतळा परत कोठारात न्यायला सांगितला आणि चौथऱ्यापाशी आल्या.

"काका, सुट्टी झाली. उठा आता."

"कशाला?" काका म्हणाले.