सोड्याने लपवलेली धडधड

"हीच का तुमची धडधड?" डॉक्टरांनी विचारले. छाती उडत होती, आणि मी तपासणीच्या टेबलावर पडल्यापडल्या आनंदाने ओरडलो, "हीच! हीच ती!"

मी गोव्यातल्या पाळी गावचा. माझा खनिजाचा ट्रक आहे, मीच चालवतो. दोन वर्षे अशी धडधड मधूनच व्हायची. एकदा भरलेला ट्रक कसाबसा कडेला घेतला. त्याच दिवशी बायकोने, सुलभाने, चावी कपाटात टाकली. ट्रकाशिवाय मला करमत नाही, पण तिच्यापुढे काय चालणार!

धडधड सुरू झाली की ती मला स्कूटरवर मागे बसवून डिचोलीला न्यायची. बाजारात मात्र थांबायची. "आधी सोडा घेवया, मगे डॉक्टराकडे जावया." थंडगार लिंबूसोडा, एक मोठा ढेकर, की छाती गप्प. मग दवाखान्यात ईसीजी, म्हणजे हृदयाचा आलेख, अगदी स्वच्छ. "काळजी कमी करा," डॉक्टर म्हणायचे. पुढे मलाच वाटू लागले, आपण सोंग तर करत नाही ना?

मोठ्या इस्पितळातले डॉक्टर सोड्याची हकिकत ऐकून हसले. "पुरावा तुम्ही वाटेतच पुसून येता." त्यांनी ईपी स्टडी, म्हणजे हृदयातल्या विजेची तपासणी, सुचवली. मांडीच्या शिरेतून तारा हृदयापर्यंत नेतात. मग पेसिंग, म्हणजे तारेतून विजेचे बारीक ठोके देऊन हृदय मुद्दाम धावते करायचे. मला ते लगेच पटले. गॅरेजात गप्प बसणारी गाडी मेस्त्री माल भरून चढावर नेतो, तेव्हाच ती आवाज करते.

पण बराच वेळ काहीच होईना. आज धडधड आली नाही, तर चावी कायमची कपाटात. मग हृदयाच्या खालच्या कप्प्यातून पेसिंग केले, आणि ती आली.

"कन्सील्ड पाथवे," डॉक्टर म्हणाले. म्हणजे जन्मापासूनची छुपी वाट. वीज तिच्यावरून उलटी वर चढते आणि गोल फिरत राहते. साध्या ईसीजीत ती दिसत नाही. "तुमची तर नेहमीच्या जागीही नाही." त्यांनी तारेच्या टोकाने ती तिथेच जाळली. पुन्हा पेसिंग केले, धडधड आली नाही.

तुम्हाला असे होत असेल, तर धडधड चालू असतानाच ईसीजी काढून घ्या. वाटेत कुठे थांबू नका.

गाडी चालवायची परवानगी मिळाली, त्या दिवशी सुलभा मला चावी देऊन स्वतःही ट्रकात चढली. डिचोलीच्या बाजारात म्हणाली, "थांबवा. सोडा घेवया." दोघांनी घेतला. दोन वर्षांत पहिल्यांदाच मी तो नुसता तहान लागली म्हणून प्यालो.