आईचा आवाज असलेली हार्ड डिस्क

या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी आजवर फक्त हसायला वाचले. महाडमध्ये कॉम्प्युटरचे क्लास घेतो. दिवा गेला की देवाला हात जोडत नाही, आधी वायर बघतो. तरीही लिहितोय, कारण घरात आता कुणी ऐकून घेत नाही.

हॉलमधल्या एका जुन्या, छोट्या पीसीचा मी घरगुती सर्व्हर केला होता. त्यावर फोटो, गाणी आणि सगळ्यात मोलाचं म्हणजे दोन वर्षांपूर्वी गेलेल्या आईचे व्हॉइस मेसेज... तिने ताईला पाठवलेले. ताई पोलादपूरला, आंबेनळी घाटाच्या रस्त्याला राहते. तिचा फोन भरला तेव्हा मीच छाती ठोकून म्हणालो, "दे इकडे, माझ्याकडे सेफ राहतील." माझ्या भरवशावर तिने फोन रिकामा केला.

पीसीची स्वतःची डिस्क इवलीशी, मग हे सगळं ठेवायचं कशावर? यूएसबीची साधी एक्स्टर्नल डिस्क, की नेटवर्कला जोडायचा दोन डिस्कचा डबा — नॅस? त्यात एक डिस्क मेली तरी दुसरीवर सगळं शिल्लक राहतं. ताईला यातलं ओ की ठो कळत नाही, तरी म्हणाली, "दोनवाला घे रे. एकाच्या जिवावर आईला नको ठेवू."

पण आम्ही पडलो महाडकर! सावित्रीचं पाणी घरात शिरलेलं बघितलेली माणसं. टीव्ही घेतानासुद्धा पहिला प्रश्न — पाच मिनिटांत माळ्यावर जाईल का? नॅस, यूपीएस, वायरींचं ते जंजाळ कोण उचलणार? मी खिशात मावणारी एक्स्टर्नल घेतली. दुसरी प्रत? करू की रविवारी. असे किती रविवार गेले, विचारू नका.

गेल्या पावसाळ्यात भर दुपारी पुराचा भोंगा वाजला. बायको तांदळाचा डबा घेऊन वर धावली. मी डिस्कला हात घातला. तिचा दिवा लुकलुकत होता, म्हणजे काम चालू होतं. अशी डिस्क ओढायची नसते, हे मीच पोरांना शिकवतो. तेवढ्यात पीसीच्या स्पीकरमधून आई बोलली. अगदी स्पष्ट.

"ऱ्हाऊ दे रे. पाणी नाय येत."

वाटलं, एखादा मेसेज चुकून वाजला. "थांब गो आई," म्हणालो आणि वायर उपटली. जिन्यात डिस्क हातातून सटकली, चार पायऱ्या खाली गेली.

पाणी गल्लीच्या तोंडाशी येऊन ओसरलं. आमचा उंबरासुद्धा भिजला नाही. डिस्क मात्र गेली ती गेलीच. आत ओरखडे पडलेत म्हणून पुण्याच्या दुरुस्तीवाल्याने तशीच परत पाठवली. आणि स्पीकर? त्याची पिन आधीपासूनच काढलेली होती.

ताईला सगळं सांगितलं. आधी रडली, मग भडकली. "असा मेसेजच नाय. मला सगळे पाठ हायत. चुकलास ते बोल ना! आईला कशाला मधी घालतोस?"

बरोबर आहे तिचं. आई असं बोलणारी नव्हतीच; आभाळ भरलं की सगळ्यात आधी गाठोडी बांधायची ती. भाऊबीजेला ताई आली नाही.

गेल्या आठवड्यात अचानक तिचा फोन आला. "खरंच बोलली?"

"हो."

मग हळूच म्हणाली, "माझं काय इचारलंन का?"

"नाही," म्हणालो. फोन कट झाला.

आवाज कुठून आला, मला आजही सांगता येत नाही. ताईशी तेवढं एक खोटं का बोललो नाही, तेही.