रोमिलाच्या लग्नाचा नवस

देवपूरच्या त्या गल्लीत रंगीत टीव्ही पहिल्यांदा आला तो प्रमिलाबाईकडे, आणि केबलची तारही पहिल्यांदा त्यांच्याच निंबाच्या झाडावरून लोंबली. तेव्हापासून प्रमिलाबाईचा आवाज एक पट्टी वर गेला. नवरा रुपचंद कचेरीत कारकून होता, पण गल्लीत त्याची ओळख 'टीव्हीवाल्या वहिनींचा नवरा' अशीच होती, आणि त्याची त्यालाही फारशी हरकत नसावी.

संध्याकाळी सात वाजले की समोरच्या कमलबाई, शेजारच्या लताबाई आणि आणखी चारदोन बाया पदर सावरत आत येत. प्रमिलाबाई पलंगावर मधोमध बसे, बाकीच्या खाली चटईवर. मग ती मालिका लागे आणि रोमिला येई. रोमिला म्हणजे मुंबईतल्या एका बड्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावरची बाई. केस कापलेले, ओठ रंगवलेले, आणि पुरुषांच्या बाबतीत तिला आपला-परका, लहान-मोठा असा काही भेदभावच नव्हता. आधी कारखानावाला होता. मग विमान उडवणारा आला. मग कारखानावाल्याचाच धाकटा भाऊ. यांची नावं गल्लीत कुणी लक्षात ठेवली नाहीत, धंद्यावरूनच त्यांची ओळख चाले.

बायांना खरा धक्का बसला तो पुरुषांच्या संख्येचा नाही. रोमिला ज्याला घरी बोलावी त्याला ती स्वतः बोलावी, आणि खोलीचं दारही तीच लावी. पुरुष बिचारा आत उभा राही. दार लागताना सगळ्यांचे पदर तोंडावर जात आणि डोळे मात्र उघडे राहत. दुसऱ्या दिवशी नळावर रोमिलाच्या नावाने बोटं मोडली जात, आणि संध्याकाळी सातच्या आधीच चटई भरलेली असे.

प्रमिलाबाई मात्र रोमिलाच्या बाजूची. तिचं म्हणणं असं, की बाईने एकदा तरी आपल्या मनासारखं जगावं. पुरुष चार ठिकाणी तोंड घालतो त्याला कुणी काही म्हणत नाही, मग रोमिलालाच का? हे ती इतक्या ठसक्यात बोले की लताबाईला वाटे, ही उद्या केस कापून येईल. केस कापणं दूरच, रुपचंदच्या पुढ्यात पाण्याचा तांब्या उशिरा आला तरी प्रमिलाबाईचा जीव खालीवर होई. पण विचार पुढारलेले होते, हे कबूल करायला हवं.

आता हे पुढारलेले विचार रोज सात वाजता निवांत पलंगावर बसून मांडता येत होते, त्याचं कारण स्वयंपाकघरात होतं. ते कारण म्हणजे सुनंदा, रुपचंदची धाकटी बहीण. तिच्या नवऱ्याने सुरतेला दुसरं बिऱ्हाड केलं. पंचांसमोर रीतसर काडीमोड झाली आणि सुनंदा भावाकडे आली. आली तेव्हा प्रमिलाबाई सगळ्यांदेखत म्हणाली होती, की हे तुझंच घर. दुसऱ्या दिवसापासून घरातली पहाटेची पाण्याची कळशी, दुपारची धुणी आणि संध्याकाळच्या भाकरी सुनंदाच्याच झाल्या. मालिका संपे तेव्हा ताटं वाढलेली असत. प्रमिलाबाई आल्यागेल्याला सांगे, सुनंदाला टीव्हीची आवडच नाही. सुनंदाला आवड आहे की नाही हे कळायला तिला आधी त्या खोलीत बसावं लागलं असतं.

त्या उन्हाळ्यात नात्यातल्या एका लग्नात सुनंदा वाढायला होती. भडगावचा जीवराम, पिठाच्या गिरणीवाला, बायको जाऊन तीन वर्षं झालेला, पंगतीत बसला होता. सुनंदा त्याला आमटी वाढायला वाकली तेव्हा त्याने वर पाहून एवढंच विचारलं, "तुम्ही जेवन्यात का?" काडीमोडीनंतर जेवलीस का, हा प्रश्न तिला कुणी विचारलाच नव्हता. ती पातेलं घेऊन तशीच पुढे गेली आणि पुढच्या माणसाच्या भातावर तिने दोनदा आमटी ओतली.

जीवरामने पुढे रीतसर गावी चुडामण आबांकडे शब्द टाकला. आबा म्हणजे रुपचंदचे चुलते, भाऊबंदकीतले सगळ्यात वडीलधारे. पाट लावून, म्हणजे दुसरं लग्न करून, सुनंदाला नेतो, असं त्याचं म्हणणं होतं. आबांनी निरोप रुपचंदला पाठवला, रुपचंदने तो बायकोला सांगितला, आणि निरोप तिथेच थांबला.

प्रमिलाबाईने त्या रात्री खूप विचार केला. गल्ली काय म्हणेल, पोरांच्या सोयरिकी पुढे कशा जुळतील, घराण्याची अब्रू काय राहील. हे सगळे विचार तिने नवऱ्याला मोठ्याने ऐकवले. सातच्या भाकरी कोण थापणार, हा एकच विचार तिने मनात ठेवला, आणि खरं वजन त्याचंच होतं. सकाळी तिने आबांना उलट निरोप धाडला, सुनंदा नाही म्हणते. सुनंदा तेव्हा मागच्या दारी भांडी घासत होती. निरोप तिच्या कानावर गेला, पण बोलणार कुणाशी? भाऊ वहिनीच्या तोंडाकडे बघून बोलणारा, आणि हे घर तिचंच होतं ते वहिनीच्या तोंडीच.

इकडे मालिकेत रोमिलाला एक दाढीवाला भेटला. चित्रं काढणारा, फाटक्या चपलेचा, पण जीव लावणारा. रोमिला त्यालाही सोडणार असं दिसत असतानाच एका शुक्रवारी तिची गाडी घाटात कोसळली, आणि पुढचा भाग सोमवारी होता. शनिवारी गल्लीत कुणाला जेवण गोड लागलं नाही. रविवारी प्रमिलाबाईने सगळ्या बायांना घरी बोलावलं, देव्हाऱ्यापुढे दिवा लावला आणि पदर पसरून म्हणाली, "कानबाई माय, रोमिला बरी व्हऊ दे, दाढीवालासंगे तिन्हं लगीन लागू दे. मी तुले मन्हा घर बसाडसू."

कमलबाईचे डोळे भरून आले. आत सुनंदा कणीक मळत होती. तिच्यासाठी या देव्हाऱ्यापुढे कुणी पदर पसरलेला तिला आठवत नव्हता.

रोमिला वाचली. पुढे महिन्याभरात तिचं दाढीवाल्याशी लग्नही लागलं. ऐन आषाढात लग्न लावणारा हा भटजी कुठला, यावर नळावर बरंच बोलणं झालं, पण लग्न लागलं ते लागलं. नवस फळला होता आणि तो फेडणं भाग होतं. दरवर्षी कुळाची देवी कानबाई गावी आबांच्या घरी बसे, तिथेच तिची स्थापना होई. या श्रावणात ती देवपूरला बसेल, असं ठरलं. नवस कशाचा, हे आबांना सांगायची रुपचंदला लाज वाटली. तो एवढंच बोलला, की घरात एक लग्न जुळू दे असा नवस होता. आबांनी त्याचा आपल्या परीने अर्थ लावला आणि खूश होऊन आले.

कानबाईच्या आधी रोटांचे गहू काढायचे असतात. घरातल्या आणि भाऊबंदातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू सुपात पडतात, तेच दळून देवीच्या नैवेद्याचे रोट होतात, आणि ज्याच्या नावाची मूठ पडली तो कानबाईच्या घरचा. जावई सहसा यात धरत नाहीत. सगळी भाऊबंदकी ओसरीवर बसली होती. सुनंदा सूप धरून होती. आबा नावं घेत होते आणि गहू टाकत होते. स्वतःचं झालं, रुपचंदचं झालं, त्याच्या दोन्ही पोरांचं झालं.

तेवढ्यात प्रमिलाबाई पुढे सरकली. नवस रोमिलाच्या लग्नाचा, तेव्हा तिच्या नवऱ्याची मूठ नको का? देवीचा कोप झाला तर रोमिलाचा संसार मोडेल. तिने गव्हाची मूठ भरली आणि म्हणाली, "ही दाढीवालानी."

आबांनी चष्मा वर केला. "हाऊ दाढीवाला कोनता भाऊबंद शे?"

रुपचंद खाली बघायला लागला. प्रमिलाबाई म्हणाली, की तो नवसाचा आहे. आबांनी थोडा विचार केला आणि मान हलवली. नवसाची मूठ असेल तर ती बाहेरच्याची असली तरी चालते, कानबाईपुढे दिलेल्या शब्दाला जागलं पाहिजे. मूठ सुपात पडली. टीव्हीत राहणारा, रोमिलाच्या अपघातात अंगाला खोटं रक्त फासून रडलेला तो माणूस असा रुपचंदच्या भाऊबंदकीत आला.

सुनंदाने सूप मांडीवर टेकवलं. पोत्यात हात घातला, सव्वा मूठ गहू घेतले आणि सुपात सोडले.

"ही बी नवसनी शे. भडगाववालास्नी."

तिने नाव घेतलं नव्हतं. खान्देशात बाई नवऱ्याचं नाव घेत नाही हे तिथल्या लहान पोरालाही ठाऊक होतं. जीवराम म्हटलं असतं तर ती मागणी ठरली असती. भडगाववाले म्हटल्यावर मागणीचं काही उरलंच नाही.

प्रमिलाबाई सुपाकडे झेपावली, पण आबांनी हात आडवा केला. कानबाईच्या गव्हात पडलेली मूठ परत निघत नाही, एवढं तरी ठाऊक असावं, असं त्यांनी तिला ऐकवलं. मग ते सुनंदाकडे वळले. "तू तं नही म्हनेल व्हती ना?"

"माले कोनी इचारंच नही, आबा."

आबांनी प्रमिलाबाईकडे पाहिलं. प्रमिलाबाईला बोलायला पुष्कळ होतं, अब्रू होती, गल्ली होती, पोरांच्या सोयरिकी होत्या. पण सुपात दाढीवाल्याचे गहू जीवरामच्या गव्हात मिसळून गेले होते, आणि एक मूठ काढायची तर दुसरीही काढावी लागली असती. ती गप्प बसली. कमलबाई पुढे वर्षभर सांगत होती, की प्रमिलाला गप्प बसलेलं तिने तेवढं एकदाच पाहिलं.

भादव्याचा पंधरवडा उलटू दिला आणि सुनंदाचा पाट लागला. बँड नाही, मांडव नाही. ती भडगावला गेली. त्याच आठवड्यात रोमिलाने दाढीवाल्याला घराबाहेर काढलं. नवस एवढा महाग पडूनही त्याने फार काळ तग धरला नाही. प्रमिलाबाईला ते बघायला मिळालं नाही. सात वाजता ती परातीपुढे होती, आणि टीव्हीच्या खोलीतून तिला फक्त दार आपटल्याचा आवाज आला. कोण गेलं, असं तिने दोनदा ओरडून विचारलं. चटईवरून उत्तर आलं नाही. सगळ्या बघत होत्या.

भाऊबीजेला सुनंदा नवऱ्याबरोबर आली. माहेरवाशीण म्हणून बायांनी तिला पलंगावर मधोमध बसवलं. सात वाजले, रोमिला आली, आता एका डॉक्टरबरोबर. सुनंदा पुढे वाकून बघतच राहिली.

"हाईच का ती? माले वाटे, उंच व्हई."

बाया हसल्या. स्वयंपाकघरात प्रमिलाबाईचा हात परातीत थांबला. दोन वर्षं ही पोर भिंतीपलीकडून फक्त ऐकत होती, हे तिला आज कळलं, कारण आता तीही तेच करत होती. तिला सुनंदाचा राग आला, स्वतःचीही लाज वाटली, आणि दोन्हीचं काय करायचं ते कळेना म्हणून तिने जोरजोरात भाकरी थापायला घेतली.

जीवराम पाणी प्यायला दाराशी आला होता. भुवयांवर अजून गिरणीचं पीठ असल्यासारखा दिसणारा तो माणूस. चुलीच्या धुरात बसलेल्या बाईकडे बघून त्याने सवयीने विचारलं, "वैनी, तुम्ही जेवन्यात का?"

प्रमिलाबाईने मान वर केली नाही. तव्यावरची भाकरी करपली, आणि तिने ती स्वतःच्या ताटात बाजूला काढून ठेवली.