आयरिश बाईंचे शेवटचे बोलणे

आयरिश बाईंना म्हाताऱ्यांच्या नर्सिंग होमच्या मॅनेजरने फसवले. मला शब्द दिला आणि पाळला नाही. हे आधी सांगतो, बाकीचे नंतर.

इथे परदेशात, वेंटवर्थव्हिलच्या माझ्या दुकानात भाजीवर फुकट कढीपत्ता मागणाऱ्या त्या एकट्याच गोऱ्या. आमच्या बायकांचे बघून शिकल्या होत्या. मी फुकट काही देत नाही. एकेक फळी ठोकून हे दुकान उभे केले आहे. "बदल्यात काय?" मी विचारले. म्हणाल्या, "दर वेळी एक आयरिश शब्द." निवृत्त शिक्षिका, मागेपुढे कोणी नाही. ठरला सौदा.

त्यांचा लाडका शब्द 'आश्लिंगाख'. आश्लिंग म्हणजे स्वप्न. शेपूट लावले की स्वप्नाळू. पण आपण 'स्वप्नाळू माणूस' म्हणतो, त्यांच्यात माणूस आधी आणि विशेषण मागून. माणसे अनेक असली की 'आश्लिंगाखा'. "आधी माणूस नीट बघ," त्या म्हणायच्या, "मग त्याला नावं ठेव."

"मी आहे का तसा?"

"तू? तुला झोपेतही भाव दिसत असतील!"

माझी बायको गल्ल्यावर हसत सुटली.

पुढे बाई पडल्या, होममध्ये गेल्या, आणि कोविडने दारे बंद झाली. उरला फोन, तोही तिथले कोणीतरी त्यांच्या कानाशी धरायचे. हळूहळू त्यांचे इंग्रजी गेले, नुसते आयरिश राहिले. मी 'आश्लिंगाख' म्हटले की हसायच्या.

मग मॅनेजरबाईंनी फोन बंद केला. "शी इज कन्फ्यूज्ड, मेट. नुसती बडबड चालते."

"बडबड नाही, आयरिश आहे!" मी ओरडलो. "आईची भाषा आहे त्यांची!"

"नो वरीज, सांगते सगळ्यांना. शेवट जवळ आला की तुम्हाला खिडकीशी बोलावू."

बोलावले ते कपडे न्यायला. दारातली नर्स म्हणाली, "शेवटपर्यंत बोलत होत्या हं."

"काय?"

"कुणाला कळतंय!"

मी पिशवी घेतली, गाडीत ठेवली, दुकान उघडले, टोमॅटो लावले. रडू आले नाही. अजून आलेले नाही.

सगळे नाही, पण थोडे मला कळले असते. नसते कळले तरी हुंकार दिला असता. फोन धरायला एक हात लागला असता, बस. मॅनेजरबाई, त्या एवढे बोलत होत्या, तेव्हा ऐकायला कोण होते? मला नाव सांगा.