एका दुपारचं हाँगकाँग

पर्सी कॅटरमोल यांना हाँगकाँग तोंडपाठ होतं, आणि त्यांनी ते कधी पाहिलं नव्हतं. लंडनच्या वसाहत खात्यात हे असंच चालायचं. माहीतगार माणूस टेबलाला चिकटलेला आणि बोटीवर चढायचे ते वरचे साहेब. त्या साहेबांना नकाशात हाँगकाँग दाखवा म्हटलं की बोट आधी जपानवर जायचं. कॅटरमोल मात्र धुक्यात खोकत खोकत तिथल्या पाण्याच्या टंचाईवर टिपणं लिहीत म्हातारे होत आले होते.

यंदा नशीब फळफळलं. तिथल्या फौजेच्या खर्चाचा किती वाटा वसाहतीनं उचलायचा, ते ठरवायला शिष्टमंडळ जायचं होतं आणि त्यात सर्वांत खाली का होईना, कॅटरमोलांचं नाव होतं. बायको ईनिडनं ही बातमी खाटकापासून पाद्र्यापर्यंत सगळ्यांना सांगून टाकली.

पण वसाहतीशी भांडायच्या आधी खात्यांनी आपसात भांडून घ्यायचं, हा सरकारी रिवाज. खजिना खात्याला सगळाच खर्च वसाहतीच्या गळ्यात मारायचा होता. युद्ध खात्याला फौज तिथं राहिल्याशी मतलब, पैसे कोणाचे का असेनात. वसाहत खात्याला कोणी विचारतच नव्हतं. शेवटी खजिन्याच्या थ्रेलफॉलनी टूम काढली, की आधी रंगीत तालीम करू. कोणीतरी हाँगकाँग व्हावं. सगळ्यांनी कॅटरमोलांकडे पाहिलं.

"फार ताणू नका हं," थ्रेलफॉल हसत म्हणाले. "थोडं रडा, मग निम्म्यावर या. निम्म्याचा अंदाज आला की आपण बोटीत बसलोच समजा."

कॅटरमोलांनी चहाचा घोट घेतला आणि ते हाँगकाँग झाले.

"तुमची फौज आमचं रक्षण करते म्हणता?"

"अर्थात!" युद्ध खात्याचे कर्नल विचर्ली गरजले.

"उद्या शत्रू चालून आला, तर किती टिकाव धराल?"

कर्नल पडले प्रामाणिक. "तसं म्हणाल तर... अवघडच आहे," ते पुटपुटले. थ्रेलफॉलनी कपाळावर हात मारला.

"मग आम्ही पैसे कशाचे द्यायचे, बिगुलाचे? आमच्या लोकांच्या नळाला पाणी नाही आणि तुमच्या छावणीत हिरवळीवर फवारे उडतायत. गावातली मोक्याची जागा तुमच्या बराकींखाली. कधी भाडं मागितलं आम्ही?"

"अहो, पण कॅटरमोल—"

"कोण कॅटरमोल? मी हाँगकाँग."

आता आवरतं घ्यायला हवं, हे त्यांना पुरतं कळत होतं. 'निम्मं' म्हटलं की बोट. शब्द अगदी ओठांवर आला होता. पण खजिन्याचा माणूस समोर बसून घाम पुसतोय, हे सुख त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच लाभत होतं.

"चौथा हिस्सा," ते म्हणाले. "वर एक पैसा नाही. आणि भाड्याचा विषय आम्ही विसरणार नाही."

थ्रेलफॉलनी फाईल मिटली. "हा घरचा माणूस असून आपली ही गत करतो. तिथं तर खरे हाँगकाँगवाले बसलेत! समोरासमोर गेलो तर भाड्यापायी आपणच देणं लागू. कशाला जायचं? चौथा हिस्सा मागणारी तार ठोका आणि मोकळे व्हा."

कर्नलनी मान डोलावली. शिष्टमंडळ बसल्या जागी बरखास्त झालं. दैव देतं आणि कर्म नेतं, ते असं. वर तार लिहायचं कामही कॅटरमोलांवरच आलं, आणि त्यांनी ती फार सुरेख लिहिली.

संध्याकाळी ईनिडनं दारातच विचारलं, "काय रे, बोट कधीची?"

"बोट नाही. मी जिंकलो."

सगळी हकिकत ऐकून ती मटकन खुर्चीत बसली. "जन्मभर त्या थ्रेलफॉलपुढं हरत आलास, पर्सी. आजच कुठून अंगात आलं? अजून एकदा हरला असतास तर काय बिघडलं असतं?"

कॅटरमोल बराच वेळ बुटाच्या नाड्या सोडत राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते.

"मी हरलो असतो गं, मला सवय आहे," ते म्हणाले. "पण आज हाँगकाँग हरलं असतं."