खिसा नसलेल्या बाजूचा रुमाल

वासंती सिस्टर गेल्याची बातमी मला शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर कळली. त्याच सकाळी, त्याच ग्रुपवर, थोडं वर त्यांचीच सूचना होती : डोळे आलेल्या मुलाचा टॉवेल वेगळा ठेवा, त्याला डोळे चोळू देऊ नका, काजळ घालू नका. संध्याकाळी एका शिक्षिकेचा निरोप आला. सिस्टर शाळेतून घरी आल्या, जेवल्या, जरा पडते म्हणाल्या आणि उठल्या नाहीत. हृदय, असं डॉक्टरांनी सांगितलं. मी त्या ग्रुपवर पालक म्हणून नव्हते. सिस्टरच्या सूचना टाइप करून टाकायचं काम माझ्याकडे होतं, एवढाच माझा संबंध. काजळाची सूचना मीच टाकली होती. पुढे दोन-तीन दिवस तिच्याखाली 'भावपूर्ण श्रद्धांजली' येत राहिलं आणि मधेच एकीनं विचारलं, 'सुरमा चालेल का?' सुरम्याचं उत्तर मी दिलं. ते त्यांनी आधी दिलं असतं, श्रद्धांजलीचं नंतर पाहिलं असतं.

वासंती सिस्टर तारापूरच्या बाजूच्या, समुद्राला लागून असलेल्या मच्छीमार वस्तीतल्या. घरात होडी, अंगणात बोंबील वाळत घालायच्या वलांडी, आणि घरातली नर्स झालेली ही एकटीच. बोईसरमधल्या एका शाळेत त्या कित्येक वर्षं नर्स होत्या. माझं घर वेगळं. वडील कामगार संघटनेतले. आमच्याकडे पाहुणा आला की चहाच्या आधी हातात पत्रक मिळायचं. अक्षरओळख मला पत्रकांच्या प्रुफांवर झाली, आणि कोणतीही गोष्ट छापून वाटली की ती अर्धी जिंकली, हे मी पाटीपूजनापासून मानत आले. पालघरला स्टेशनजवळ मी छपाईच्या मजकुराची कामं घेते. सिस्टर तिथंच आल्या होत्या, शाळेनं दिलेला कागद घेऊन : 'लहान वर्गांच्या पालकांसाठी आरोग्यसूचना'.

कागद संस्थेच्या सचिवांनी लिहिला होता. त्यात मुलांना सकाळी दूध, फळं आणि सुकामेवा द्यावा, असं होतं. सिस्टर म्हणाल्या, "आमच्याकडं सुकं म्हणजे बोंबील गो. खोड ते. 'उपाशी धाडू नका' एवढंच लिही." बाकीचं मी उत्साहानं नव्यानं लिहिलं. मथळा दिला : 'पालकांनो, जागे व्हा!' त्यांनी तो वाचला, चष्मा काढून पुसला.

"अगो, ते पहाटेपासून जागेच हायत. त्यांना झोपाया सांगणारं पत्रक असेल तर दाखव."

मथळा गेला. 'आजारी मूल शाळेत पाठवणं हा इतर मुलांवर अन्याय आहे' हे माझं वाक्यही गेलं. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की हे वाचून आई घाबरेल, आणि घाबरलेली आई पहिल्यांदा खोटं बोलते. सचिवांचं एक वाक्य मात्र त्यांना खोडता आलं नाही : ताप असलेल्या मुलाला निरोप मिळताच घरी न्यावं, न नेल्यास आणि पुन्हा तसं घडल्यास नाव कमी करण्यात येईल. पत्रक छापलं, वाटलं. मला वाटलं, काम झालं.

त्या पत्रकानं जे झालं ते असं. पहिलीतल्या एका मुलीला सकाळी घरी ताप होता. तिची आई सुनीता, बिहारकडची, कारखान्यात ठेक्यावर. तिनं तापाचं पातळ औषध पाजलं, अंग गार झालं, मुलीला शाळेत सोडलं आणि ती पाळीला गेली. मधल्या सुट्टीच्या आत मूल पुन्हा तापलं. बोईसरमध्ये हे रोज कुठल्या तरी शाळेत घडत असेल. सिस्टरनी कारखान्याच्या गेटवर फोन करून सुनीताला विचारलं, सकाळी काही दिलं होतंस का? ती म्हणाली, नाही. सिस्टरनी औषध दिलं. मग मुलीनंच सांगितलं, "मम्मीने भी दिया था, गुलाबीवाला." सिस्टर तिला घेऊन सरकारी दवाखान्यात गेल्या आणि दुपारभर तिच्याजवळ बसल्या. मुलीला काही झालं नाही. सुनीता आली तेव्हा सिस्टर रागावल्या नाहीत, फक्त विचारलं, खोटं का बोललीस? सुनीता म्हणाली, "दीदी, छुट्टी लिया तो कल गेट पे नहीं लेगा. और स्कूल का कागज बोलता है, नाम काट देगा. मैं किधर जाऊँ?"

यातून रुमाल निघाला. बालवर्गातल्या आणि पहिलीतल्या मुलांच्या छातीवर सेफ्टी पिननं रुमाल लावतात, हे सगळ्यांनी पाहिलेलं आहे. सिस्टरनी आयांना तोंडी सांगितलं : सकाळी तापाचं औषध पाजून धाडलंत, तर रुमाल उजव्या बाजूला लावा. मला काही सांगू नका, मी विचारणार नाही. बघेन आणि समजेन. पोराला खाटेवर निजवीन, पुढचं औषध वेळ झाल्यावरच देईन. पण अंगावर पुरळ असेल, उलट्या असतील, धाप असेल, तर रुमालबिमाल नाही, पोर घरीच, नाहीतर मी स्वतः कंपनीच्या गेटवर येऊन तुम्हाला बाहेर काढीन. यात त्यांनी कधी तडजोड केली नाही, आणि त्यांना गेटवर पाहिलेले वॉचमन आजही ते सांगतात.

पहिल्या दिवशी अर्ध्या वर्गाचे रुमाल उजवीकडे. पोरं ठणठणीत, पळताहेत. सिस्टर प्रत्येकाच्या कपाळाला हात लावत फिरल्या आणि मग त्यांच्या ध्यानात आलं. आई पोराच्या समोर बसून पिन लावते. तिचा डावा हात पोराच्या उजवीकडे येतो, म्हणून बऱ्या पोराचा रुमालही उजवीकडे गेलेला. हे सांगताना त्या इतक्या हसल्या की ठसका लागला. दुसऱ्या दिवसापासून उजवं-डावं बंद. गणवेशाला एकाच बाजूला खिसा असतो. खिशाच्या बाजूला रुमाल म्हणजे पोर बरं, खिसा नसलेल्या बाजूला म्हणजे औषध दिलेलं. ही खूण पाण्याच्या रांगेत, कंपनीच्या बसथांब्यावर, मासळी बाजारात तोंडातोंडी पसरली. बापांना ती फारशी माहीत नव्हती. सचिवांना तर नव्हतीच.

मला कळलं तेव्हा मी भांडले. माझं म्हणणं सरळ होतं : आईला आजारी मुलासाठी रजा मिळाली पाहिजे, आणि ती मिळत नाही हे छापून चव्हाट्यावर आणलं पाहिजे. पिनेनं ते झाकायचं नाही. ही शरणागती आहे, असा शब्द मी वापरला.

"हाय," त्या म्हणाल्या. "पण पोर मधल्या सुट्टीला तापतं. तुझी रजा किती वाजता येते?"

मी म्हटलं, निदान पत्रकात लिहूया. रुमालाची खूण सगळ्या पालकांना कळू दे.

"छापलं की सचिवाच्या टेबलावर जातं. तुझ्या पत्रकात ठेकेदार घाल. माझ्यात पोर ऱ्हाऊ दे."

खाटेचा प्रश्न त्यानंतर आला. सिस्टरच्या खोलीत खिडकीशी लोखंडी खाट होती. सचिवांना ती खोली जुनी बाकं ठेवायला हवी होती. पालकसभेत ते म्हणाले, शाळा म्हणजे दवाखाना नव्हे, आजारी मुलांना झोपवायची सवय आपणच लावतो आहोत. सिस्टर काही बोलल्या नाहीत, बोलल्या असत्या तर रुमाल बाहेर आला असता. मागच्या बाकावरून एक कोळीण उठली, मासळीची पाटी दाराबाहेर ठेवून आलेली. "मंग सिस्टरबायला ठेवलीय कशाला, झेंड्याला सलाम माराया? खाट काढा, आमी आमची पोरं तुमच्या हापिसात निजवतो. पंखा हाय तिथं." सभा हसली. सचिवही हसले, नाइलाजानं. खाट राहिली. मी तेव्हा खूश झाले होते, आणि आजही त्या कोळिणीचं भाषण मला माझ्या बऱ्याच मजकुरांपेक्षा चांगलं वाटतं. पण आयांची रजा त्या सभेतही कुणी मागितली नाही, हेही मी नोंदवून ठेवते.

सिस्टर गेल्यानंतर काही आठवड्यांनी शाळेकडून मला फोन आला. पत्रक पुन्हा छापायचं, मजकूर तोच, फक्त नर्सचं नाव बदलायचं. नाव विचारायला मी शाळेत गेले. नव्या सिस्टर तरुण, मासवणच्या, नुकत्याच रुजू झालेल्या. खोली तशीच होती. खाटेवरची चादर बदललेली. मी बोलत असतानाच एका बाईंनी बालवर्गातली एक मुलगी आणून सोडली. डोळे जड, गाल लाल. नव्या सिस्टरनी तिचा ताप पाहिला, खाटेवर बसवलं, कपाटातून औषधाची बाटली काढली, झाकणात ओतायला लागल्या. मुलीचा रुमाल खिसा नसलेल्या बाजूला होता.

"थांबा," मी म्हटलं. "तिच्या आईनं सकाळी दिलंय."

"तुम्ही ओळखता हिच्या आईला?"

"नाही."

मग मला सगळं सांगावं लागलं. त्यांनी बाटली खाली ठेवली. माझ्या हातातलं पत्रक घेतलं, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं, उलटून मागची बाजूही पाहिली.

"यात कुठं हाय हे?"

"नाही त्यात."

"मंग मला कसं कळायचं?"

प्रश्न माझाच होता... मी तो ज्यांना विचारला होता त्यांचं उत्तरही मला पाठ होतं, पण ते या मुलीच्या काही उपयोगाचं नव्हतं. वासंती सिस्टरचं बरोबर होतं, तोवर, जोवर त्या होत्या. आया अजून रोज सकाळी ती पिन लावत होत्या. वाचणारं माणूस गेलं आहे, एवढं कुणी त्यांना सांगितलं नव्हतं. आमच्या घरात पत्रकं का छापत, ते मला त्या खोलीत नव्यानं समजलं : सांगणारा गेला तरी सांगणं राहावं म्हणून. त्यामुळे मी हे इथं लिहिते आहे. शाळेचं नाव दिलेलं नाही. सिस्टर असत्या तर रागावल्या असत्या, आणि मी पुन्हा भांडले असते.

नव्या सिस्टरनी मुलीला आडवं केलं, पातळ फडकं ओलं करून कपाळावर ठेवलं, पाणी पाजलं. मी जायला निघाले नाही. वेळ झाल्यावर त्यांनी औषध मोजून दिलं. मग मुलीच्या छातीवरची पिन काढली, रुमाल झटकला, क्षणभर हातात धरला आणि खिशाच्या बाजूला लावून टाकला, म्हणजे आईला कळावं, शाळेत औषध दिलंय, आता पुढचं घरी. हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. वासंती सिस्टरही तसंच करायच्या.