लाईट गेलेला रंग

रंगाच्या दुकानात काम केलं की हातावरचे डाग रॉकेलनं निघतात, किस्से काही निघत नाहीत! दोन हजार सालानंतरची काही वर्षं मी भिवंडीत, टेमघरला शंकरकाकांच्या दुकानात काउंटरवर होतो. तेव्हा घराघरातून चुना हद्दपार होत होता आणि "तीन भिंती एका रंगाच्या, चौथी वेगळी" ही फॅशन नुकतीच आली होती.

*

काकांनी हौसेनं रंग मिसळायचं कॉम्प्युटरवालं मशीन घेतलं. पण शेडकार्डाकडे बघतो कोण? एक पॉवरलूमवाले शेठ थेट सुताचा कोन घेऊन आले. "बेडरूम में यही चाहिए."

मी हुबेहूब तोच रंग काढून दिला. आठवड्यानं शेठ परत हजर, डोळे तांबारलेले.

"रंग एकदम सही है. लेकिन लेटता हूँ तो लगता है, ड्युटी पे हूँ!"

*

एक काकू पिशवीतून चक्क पापलेट घेऊन आल्या. हॉलला असाच चंदेरी रंग हवा! मी बावळटासारखा मासा शेडकार्डावर ठेवला. रंग जुळला, काकू खूश होऊन गेल्या.

पुढच्या गिऱ्हाईकानं कार्ड उघडलं, नाक मुरडलं आणि विचारलं, "बिनवासाचे रंग आलेत म्हणे, ते वेगळ्या कार्डात आहेत का?"

*

पण या सगळ्यांवर कडी केली शेलार गावच्या हिरामणदादांनी. जमीन गोडाऊनला गेली, बंगला उभा राहिला आणि मुलीची हळद तोंडावर आली. दादांनी हॉलसाठी झणझणीत केशरी रंग सांगितला. मशीन चालू होतं आणि निम्म्यात लाईट गेली! आमच्याकडे लोडशेडिंगला तोटा नव्हता.

पेंटर उस्मानचाचांनी काठीनं बादली ढवळली. ना केशरी, ना गुलाबी, पिकल्या पपईचा रंग झाला होता. मी ती बादली लपवायच्या बेतात होतो, तेवढ्यात दादांनी पाहिली.

"योच! मना योच पायजे!"

*

तीन भिंती झाल्या आणि रंग संपला. दुसऱ्या दिवशी हळद. मशीन नेमकं कुठे थांबलं होतं, हे देवालाच ठाऊक. मी प्लग उपटून उपटून पाहिला, दर वेळी वेगळंच काहीतरी निघायचं.

वहिनी, म्हणजे दादांची बायको, रडकुंडीला आल्या. मी शहाणपणा केला, "वहिनी, एक भिंत वेगळी ठेवा की. फॅशनच आहे!"

"फॅशन न्हाय, रंग संपला असाच बोलतील व्याही! पोरीला जल्मभर टोमणे!"

मला खरंच वाईट वाटलं. दादांना मात्र वेगळंच सुचलं. लाईट आपोआप गेली तरच तो रंग येणार, अशी त्यांची पक्की समजूत झाली होती. ते मशीनसमोर स्टूल टाकून बसले. आणि त्या दिवशी, भिवंडीत, लाईट गेलीच नाही! शेवटी दादा विजेच्या ऑफिसात गेले.

"सायेब, आज लाईट का जात न्हाय?"

साहेबांनी त्यांना पाणी पाजलं आणि बसायला खुर्ची दिली.

*

चौथी भिंत पांढऱ्या पुट्टीवरच राहिली. हळदीला गावच्या बायका अशा नाचल्या, की जिला तोल सावरायला भिंत लागली तिचे हळदीचे दोन्ही हात तिथे उमटले. सकाळी वऱ्हाड यायच्या आत चाचांनी भिंत घासली. हळद ती, थोडीच जाते? डोक्याला हात लावून त्यांनी वरून चकाकतं वॉर्निश मारलं.

"अब ये डिझाइन है," म्हणाले. "कोई पूछे तो चुप रहना."

लग्न पार पडलं. व्याही भिंतीकडे सारखे बघत होते. वहिनींनी तर जेवणाला हातसुद्धा लावला नाही.

चार दिवसांनी तेच व्याही दुकानात आले. मी घाईघाईनं डबे पुसायला घेतले.

"आमचे सुनेच्या माहेरात ती चौथी भिंत हाय ना, पांढऱ्यावर पिवले हात? तसाच टेक्श्चर आमचे हॉलला पायजे. चारही भिंतींना!"

मी काकांकडे पाहिलं. काकांनी चष्मा पुसला, गंभीर चेहऱ्यानं शेडकार्ड मिटलं आणि विचारलं,

"घरात लग्नाच्या पोरी किती हायेत?"